पाटीवर नाव कोणाचे, वाटा कोणाचा?

वाचकांचे प्रश्न, रत्नागिरीच्या एका जुन्या वकिलाची उत्तरे

या महिन्याच्या गठ्ठ्यात बक्षीसपत्रे, वहिवाटीच्या वाटा आणि सातबारावर चिकटून बसलेली मयत नावे नेहमीसारखी आहेतच. ती पुढच्या अंकात घेतो. या खेपेला सहा पत्रे एकाच विषयावर आली, आणि तो विषय खुद्द आमच्या धंद्याचा आहे. (वकिलीला धंदा म्हटलेले बार रूममध्ये कुणाला रुचत नाही, तिथे ‘व्यवसाय’ म्हणायचे असते. मी घरी बसून लिहितो आहे, चालवून घ्या.) १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्यात आले. पूर्वी अपिलाचे कागद पिशवीत घालून कोकणकन्येने रात्रभर मुंबईला जायचे. आता घाट चढला की काम. त्यामुळे इकडच्या तरुण वकिलांच्या बोलण्यात ‘फर्म’ हा शब्द फार येऊ लागला आहे. पत्रेही त्याचीच.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र कणकवलीत दिवाणी कामे बघतो. तिसरा मित्र कोल्हापुरात असतो, बेंचपुढे काम करतो. तिघांची फर्म काढायची आहे. साधी भागीदारी करावी की एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी)? नफा तिघांत सारखा वाटावा असे माझे मत. दुसऱ्याला ते पटत नाही.
– एक वकील, कणकवली

तुमच्या त्या दुसऱ्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

१९८४ साली मी आणि माझा एक वर्गमित्र, आम्ही रत्नागिरीत एकत्र पाटी लावली. करारपत्र नाही. कोर्टासमोरच्या टपरीवर चहा पिताना ‘निम्मे-निम्मे’ ठरले, साक्षीला टपरीवाला. आणि दिवसभर दोघेही लोकांना बजावायचो की व्यवहार तोंडी ठेवू नका, लिहून घ्या, साक्षीदार घाला! पहिली सहा-सात वर्षे झकास गेली, कारण वाटण्यासारखे फारसे काही नव्हते. मग कोकण रेल्वे आली. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे रेफरन्स (कोर्टापुढचे अर्ज) सुरू झाले आणि ते सगळे माझ्या मित्राने ओढले. गावोगाव फिरला, मोजणीचे नकाशे काढले, कुठल्या आंब्याच्या कलमाचे वय किती आणि कुठला फणस पंचनाम्यात धरलेलाच नाही हे शोधत बसला. मी आपला वाटपाचे दावे चालवत होतो. त्यात वादी मरतो, वारस दाखल होतात. प्रतिवादी मरतो, पुन्हा वारस दाखल होतात. वर्षाअखेर तो दहा रुपये आणायचा, मी तीन, आणि उचलताना मी निम्मे उचलायचो. त्याने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा मी मैत्रीचा दाखला देऊन त्याला गप्प केले. १९९६ मध्ये तो बाहेर पडला. आज मागे बघताना चूक माझी दिसते. तेव्हा मात्र मी वर्षभर त्याच्याशी बोललो नव्हतो.

यात कायदा माझ्या बाजूने होता, हे आणखी वाईट. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ चे कलम १३ वाचा. वेगळे ठरलेले नसेल तर सगळे भागीदार नफ्यात सारखे, तोट्यात सारखे, आणि केलेल्या कामाबद्दल कुणालाही वेगळा पगार नाही. म्हणजे तुम्ही बोलण्यावर ठेवलेत तर कायदा तुमचे म्हणणे उचलून धरील आणि तुमचा मित्र निघून जाईल.

मोठ्या फर्ममध्ये दोन टोकांच्या रीती आहेत. लंडनच्या आणि न्यू यॉर्कच्या काही जुन्या फर्ममध्ये वाटा ज्येष्ठतेने ठरत आला. वर्षे झाली की पायरी वर, काम कुणीही आणलेले असो. त्याला लॉकस्टेप म्हणतात. दुसऱ्या टोकाला ज्याने पक्षकार आणला त्याची फी, बाकीच्यांचा त्याच्याशी संबंध नाही. पहिल्या रीतीत कामचुकार पोसला जातो. दुसऱ्या रीतीत एक भागीदार आपला पक्षकार दुसऱ्याला दाखवतसुद्धा नाही, आणि मग एका छपराखाली बसायचे कशाला?

तुम्ही सिंधुदुर्गातले, न्यू यॉर्कला जायची गरज नाही, रापण बघा, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे ते मोठे जाळे. जाळ्याचा वाटा निराळा, ओढणाऱ्या हातांचा निराळा, आणि हे वाटे मासळी वाळूवर यायच्या आधी ठरलेले असतात. तुमच्याकडे तेच करा. आधी खर्च काढा: दोन्ही ठिकाणचे भाडे, कारकून, टायपिंग, कायद्याचे जर्नल आणि घाटाचे पेट्रोल. उरलेल्यातला एक भाग तिघांत सारखा, कारण घर तिघांचे चालायचे आहे. दुसरा भाग ज्याने काम उभे राहून केले त्याचा. तिसरा, लहान भाग काम आणणाऱ्याचा. समजा वर्षाला २४ लाख जमा झाले आणि ९ लाख खर्च झाला. राहिलेल्या १५ मधले ६ सारखे वाटा, ६ कामावर, ३ आणण्यावर. आकडे तुमचे तुम्ही बदला. पण एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. कणकवलीतल्या निकालावरचे अपील कोल्हापूरच्या मित्राने चालवले, तर ते ‘आणले’ कुणी? तुमचे पहिले भांडण यावरच होणार.

आता एलएलपी. साध्या भागीदारीत एकाने मुदत घालवली किंवा पक्षकाराने कोर्ट फीसाठी दिलेले पैसे खर्च करून टाकले, तर फर्मच्या देण्याला तिघेही एकत्र आणि प्रत्येकजण संपूर्ण रकमेला जबाबदार. तुमची कणकवलीतली बाग त्याच्या कोल्हापुरातल्या चुकीला जामीन. २००८ च्या कायद्याने आलेल्या एलएलपीत चूक करणारा स्वतः सुटत नाही, पण इतरांची घरे वाचतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये वकिलांना ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवले म्हणून निर्धास्त होऊ नका. निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा आजही लागतो.

एलएलपीचा खर्च मात्र कागदांत आहे. उलाढाल असो वा नसो, कंपनी निबंधकाकडे ३० मेपर्यंत वार्षिक विवरण आणि ३० ऑक्टोबरपर्यंत हिशेब द्यावाच लागतो, उशीर झाला की दंड. उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेले की ऑडिट. शिवाय ५० लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मी रक्कम नफा समजून कर भरायची जी सोपी वाट साध्या भागीदारीला आहे, ती एलएलपीला नाही. मी तुमच्या जागी असतो तर आज नोंदणीकृत भागीदारी केली असती आणि कोल्हापूरचे काम वाढले की एलएलपीत रूपांतर. नोंदणीचा कंटाळा नको. बिननोंदणीच्या फर्मला फी बुडवणाऱ्यावर करारावरून दावाच लावता येत नाही, भागीदारी कायद्याचे कलम ६९. वकिलांच्या फर्मला हे सांगावे लागू नये, पण लागते.

करारपत्रात नफ्याइतक्याच जागेत फुटण्याबद्दल लिहा. टेलिफोन नंबर कुणाकडे, भाड्याच्या गाळ्याची अनामत कुणाची, नाव कोण लावणार. मुंबईची १९१७ पासूनची अमरचंद मंगलदास ही फर्म २०१५ मध्ये दोन भावांत वाटली गेली, तेव्हा दोघांनीही जुने नाव ठेवले आणि पुढे आपापले नाव जोडले. एक शार्दूल अमरचंद मंगलदास, दुसरी सिरिल अमरचंद मंगलदास. देशातल्या नामांकित कायदेपंडितांचे घर ते. तिथेही वाटप कुणाला चुकले नाही, मग आपल्याकडे घराच्या पडवीवरून तीस-तीस वर्षे दावे चालतात त्यात नवल काय?

प्रश्न : माझा पुतण्या ओरोसला वकिलीचे ऑफिस थाटतोय. मी १५ लाख घालायला तयार आहे, त्याने फक्त २५ टक्के हिस्सा लिहून द्यावा. तो म्हणतो, काका, कायद्यात बसत नाही. अहो, आमच्या हॉटेलात गाववाल्याचे पैसे आसत, तेका दरसाल हिस्सो गावता. मग वकिलाकच काय झाला?
– हॉटेलवाले, मालवण

पुतण्या खरे बोलतो, आणि काकांच्या १५ लाखांना नाही म्हणतो, म्हणजे वकील बरा होणार.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचा, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम स्पष्ट आहे. जो वकील नाही त्याच्याशी वकिलाने भागीदारी करायची नाही आणि आपल्या फीतला वाटाही द्यायचा नाही. नाव भागीदारी असो, ‘समजूत’ असो की ‘घरचा मामला’ असो. पतसंस्था, बिल्डर, सासरे, काका, सगळे त्यात आले.

कारण विचाराल तर तुमच्याच हॉटेलाचे उदाहरण घ्या. उद्या किनाऱ्यावरच्या तुमच्या नव्या खोल्यांविरुद्ध शेजारच्या मच्छीमाराला तक्रार करायची आहे आणि तो तुमच्या पुतण्याच्या ऑफिसात आला. काका चौथ्या हिश्शाचे मालक. पुतण्याने त्याला काय सांगायचे? किंवा दुसरे: एखादा दावा तडजोडीत महिनाभरात मिटतो आहे, पण चालवला तर तीन वर्षे फी येईल. पैसे घातलेला माणूस कशाची वाट बघेल? पक्षकाराच्या भल्याचा सल्ला आणि गुंतवणूकदाराच्या भल्याचा सल्ला एका तोंडातून येऊ नये, एवढ्यासाठी ही आडकाठी. खटल्याच्या निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या टक्क्यावर फी ठरवायची नाही, हा नियमही त्याच मुळावर उभा आहे. महामार्गाच्या मोबदल्यात ‘दहा टक्के वकिलाचे’ असे बोलणे आपल्याकडे किती सहज चालते ते तुम्हीही ऐकले असेल. ते नियमात बसत नाही.

बाहेरच्या देशांत सगळीकडे असे नाही. इंग्लंडने २००७ च्या कायद्याने वाट उघडली आणि २०१२ पासून वकील नसलेल्यांनाही फर्मची मालकी घेता येऊ लागली. तिथल्या सहकारी भांडारवाल्या संस्थेने कायदा-सेवेची शाखा काढली, ती परवाना मिळालेल्या पहिल्या काहींत होती. अमेरिकेत बहुतेक राज्ये अजून आपल्यासारखीच बंदी ठेवून आहेत. अॅरिझोनाने २०२१ पासून ती उठवली. ऑस्ट्रेलिया तर सगळ्यांच्या पुढे. मेलबर्नची स्लेटर अँड गॉर्डन ही फर्म मे २००७ मध्ये शेअर बाजारात आली. जगातली पहिलीच. लोकांनी वकिलांचे शेअर घेतले! २०१५ मध्ये तिने इंग्लंडमधला अपघाताच्या दाव्यांचा एक मोठा व्यवसाय ६० कोटी पौंडांहून जास्त देऊन विकत घेतला. तो अंगावर आला, शेअर कोसळला, आणि २०१७ मध्ये फर्म सावकारांच्या हातात गेली. जुन्या भागधारकांकडे नावापुरते उरले. हापूसची बाग मोहोरावर घेणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगायला नको. निकाल लागेपर्यंत फीचा मोहोर तो मोहोरच.

पुतण्याला मदत करायची असेल तर सरळ कर्ज द्या, ठराविक व्याजाने, बँकेतून, कागद करून. किंवा ओरोसला गाळा तुमच्या नावाने घेऊन त्याला भाड्याने द्या. भाडे दरमहा ठरलेले, त्याच्या कमाईवर चढणारे-उतरणारे नको, नाहीतर तो फीतलाच वाटा झाला.

एक गंमत सांगतो. उलट दिशेने दार थोडे किलकिले आहे. तुमच्या हॉटेलात पुतण्याला नुसता पैसे घातलेला, कारभार न बघणारा भागीदार होता येते, राज्य बार कौन्सिलच्या मते तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला बाध आणणारा नसला तर. गल्ल्यावर मात्र बसायचे नाही. मे महिन्याच्या गर्दीत त्याला काउंटरवर उभा करू नका, काय?

प्रश्न : माझे यजमान वकील होते. त्यांची आणि त्यांच्या मित्राची २२ वर्षांची फर्म. गेल्या पावसाळ्यात ते गेले. भागीदार म्हणतात, “वहिनी, वकिलीत गुडविल (नावलौकिकाची किंमत) नसते, मागे काही राहत नाही.” पाटीवर अजून यजमानांचे नाव आहे आणि ऑफिस चालू आहे. मुलगी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पुढे ती जागा मिळेल का?
– एक वाचक, चिपळूण

ताई, तुमचे पत्र दोनदा वाचले. आधी तारीख बघा. हिशेबाच्या दाव्याची मुदत फर्म संपल्यापासून तीन वर्षांची आहे, आणि दोघांच्या फर्ममध्ये एक गेला की फर्म त्याच दिवशी संपते. करारात ‘फर्म पुढे चालू राहील’ असे लिहिलेले असले तरी, कारण एकट्या माणसाची भागीदारी होत नाही. म्हणजे तुमचे घड्याळ गेल्या पावसाळ्यापासून चालू आहे. वर्षश्राद्धानंतर बघू, असे करू नका.

‘मागे काही राहत नाही’ हे खरे नाही. त्या दिवशी बँकेत काय होते, गाळ्याची अनामत किती, संगणक, कपाटे, ग्रंथ (चाळीस वर्षांच्या ‘एआयआर’ या निकालसंग्रहाची किंमत आता रद्दीवाला ठरवतो, हे मान्य), आणि मुख्य म्हणजे त्या दिवसापर्यंत झालेल्या कामाची न आलेली फी. ही फी मागणे म्हणजे वकील नसलेल्याने फीत वाटा मागणे नव्हे. यजमानांनी घाम गाळून कमावलेले ते येणे आहे. त्याची यादी भागीदारांकडे लेखी मागा. फर्मच्या बँक खात्याचा उतारा आणि शेवटच्या तीन वर्षांची कर-विवरणे सोबत मागा. फर्मची नोंदणी नसली तरी संपलेल्या फर्मचा हिशेब मागण्याला ते आड येत नाही.

गुडविलचे म्हणाल तर भागीदारी कायद्याचे कलम १४ ते फर्मच्या मालमत्तेतच धरते, करारात उलट लिहिलेले नसेल तर. वकिलीत त्याला किंमत लावणे कठीण, हे खरे. लोक फर्मकडे नव्हे, माणसाकडे येतात. पण मग माणूस गेल्यावर त्याचे नाव पाटीवर का ठेवले आहे? कलम ५३ प्रमाणे सगळे देणे-घेणे मिटेपर्यंत फर्मच्या नावाने तेच काम चालू ठेवण्याला आणि फर्मच्या वस्तू स्वतःसाठी वापरण्याला तुम्ही, वारस म्हणून, मनाई मागू शकता. हिशेब न करता ते फर्मच्या मालमत्तेवर काम करत राहिले, तर कलम ३७ खाली तुम्हाला निवड आहे: त्या वापरातून झालेल्या नफ्यातला वाटा, नाहीतर यजमानांच्या हिश्शाच्या रकमेवर सालाना ६ टक्के व्याज. ही दोन कलमे एका कागदावर लिहून भागीदारांना दाखवा. वकील आहेत, पुढचे त्यांना कळेल. दाव्याची पाळी बहुधा येणार नाही.

फायलींवर मात्र हक्क सांगू नका. त्या तुमच्या नाहीत, भागीदारांच्याही नाहीत, पक्षकारांच्या आहेत. फी थकली म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे. यजमानांचे वकीलपत्र त्यांच्याबरोबर संपले. ज्या वकीलपत्रांवर भागीदारांचीही सही आहे तिथे ते पुढे काम बघतील, बाकीच्या पक्षकारांनी ठरवायचे.

मुलीला शिकू द्या. वकिलीची गादी वारसाने येत नाही. सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्यावर ती भागीदार होऊ शकेल, पण तेव्हाच्या मालकांनी घेतले तर. हिशेबाचा विषय तिच्या नोकरीच्या आशेत गुंतवू नका. तो गुंतवला की तुम्ही कमी मागाल.

प्रश्न : मी दापोलीत एका फर्ममध्ये दोन वर्षे काम करते. महिना ८,००० रुपये मिळतात. यंदा सरांनी व्हिजिटिंग कार्डवर ‘पार्टनर’ छापून दिले. पैसे तेवढेच. आनंद मानू की काळजी करू?
– एक ज्युनियर, दापोली

काळजी करा, आणि कार्डे कपाटात ठेवा.

नफ्यात वाटा नसेल, हिशेबाची वही बघायला मिळत नसेल, कुणाला घ्यायचे-काढायचे यात मत नसेल, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही भागीदार नाही. पण त्या कार्डावर विसंबून कुणी फर्मला उधारीने माल दिला किंवा पैसे दिले, तर भागीदारी कायद्याच्या कलम २८ खाली तो तुम्हाला भागीदार समजून तुमच्याकडेही येऊ शकतो. मिळकत ज्युनियरची आणि देणे पार्टनरचे, असा हा मान आहे! मुंबईच्या मोठ्या फर्ममध्येही पगारी पार्टनर आणि वाट्याचा पार्टनर असे दोन थर असतात. फरक एवढाच की तिथे पगारीला काय देणार आणि काय नाही ते पत्रात लिहिलेले असते. तुम्हीही तसे पत्र मागा. निदान ‘फर्मच्या देण्याला ही जबाबदार नाही’ एवढी ओळ तरी हवीच.

पैशाचे बोलायचे तर बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच, सक्ती नाही. दापोली शहर की ग्रामीण यावर तुमचे सर वाद घालतील, घालू द्या, दोन्हीकडून ८,००० कमीच पडतात. वर्षाची बेरीज ५०,००० च्या वर जाते, तेव्हा फर्मने १० टक्के कर कापून तुमच्या नावावर भरायला हवा. कापला आहे का ते आयकराच्या पोर्टलवर बघा. कापला असेल तर विवरण भरून तो परत मिळवा, एक महिन्याचा पगार होईल.

आमच्या वेळी सिनियर पैसे देत नसत, जेवण देत. माझ्या सिनियरांच्या घरी गुरुवारी आमटी-भात असे. ते दिवस चांगले होते असे म्हणण्याचा मोह होतो, पण मी तेव्हा भाड्यासाठी वडिलांना पत्र लिहीत होतो.

प्रश्न : फर्मच्या पाटीवर ‘जमीन व वारसा तज्ज्ञ’ लिहिले तर चालेल का? आणि इन्स्टाग्रामवर रील टाकले तर?
– वेंगुर्ले

पाटीवर नाही. वकिलाची पाटी बेताच्या आकाराची हवी आणि अमुक कामात विशेष आहोत असे तिच्यावर लिहायचे नाही. पूर्वी न्यायाधीश होतो, असेही नाही. २००८ पासून संकेतस्थळाला परवानगी आहे. त्यावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचे क्षेत्र एवढे चालते. म्हणजे जे दारावर लिहायचे नाही ते इंटरनेटवर लिहिता येते. हे मला कुणीतरी समजावून सांगावे. कायदा समजावून सांगणारे रील वेगळे आणि ‘आमच्याकडे या’ म्हणणारे वेगळे. दुसरे टाकू नका. वेंगुर्ल्यात कोण कुठल्या कामात हुशार आहे हे मासळी बाजारात विचारले तरी कळते.

प्रश्न : मी राजापुरात एका वकीलसाहेबांकडे ३१ वर्षे कारकून आहे. निम्मे पक्षकार माझ्या ओळखीने आले. साहेबांचे चिरंजीव आता फर्म करतायत. मला त्यात दोन पैसे वाटा मागता येईल का? मागितला तर बरे दिसेल का?
– कारकून, राजापूर

वाटा मागता येणार नाही, मालवणच्या हॉटेलवाल्यांना दिले तेच कारण. पक्षकार आणल्याबद्दल दर पक्षकारामागे काही घेणे तर त्याहून वाईट. ते चिरंजीवांची सनद अडचणीत आणील. अमेरिकेतल्या वकिलांच्या आदर्श नियमांत तुमच्यासारख्यांसाठी एक खिडकी आहे: नफ्यावर आधारलेल्या पगाराच्या किंवा निवृत्तीच्या योजनेत ऑफिसच्या माणसांना घेता येते. आपल्या नियमांत अशी खिडकी लिहिलेली मला दिसलेली नाही.

दुकान-आस्थापना कायद्याचाही फार आधार धरू नका. वकिलाचे ऑफिस हे व्यापारी आस्थापना नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या कायद्याखाली १९८४ मध्ये ठरवले. तेव्हा जे मिळवायचे ते बोलूनच. पण बोला, आणि चिरंजीवांचे करारपत्र व्हायच्या आधी बोला. टक्का मागू नका, ठराविक रक्कम मागा: पगारात वाढ, दरसाल ठरलेला बोनस, आणि तुमच्या नावावर पोस्टात दरमहा काही रक्कम. ती फर्मचा खर्च म्हणून करारपत्रात लिहून घ्या. नफा वाटायच्या आधी खर्च निघतो, म्हणजे तुमचा नंबर भागीदारांच्या आधी लागेल. बरे दिसेल का, म्हणता? ३१ वर्षे तारखा तुम्ही सांभाळल्यात. न मागणे बरे दिसत नाही.

मघाशी कणकवलीकरांना माझ्या फुटीची गोष्ट सांगितली, त्यात एक माणूस राहिला. आमचा कारकून. १९९६ साली आम्ही टेबल वाटून घेतले, ग्रंथ वाटून घेतले, टेलिफोनसाठी चिठ्ठी टाकली, ती मला लागली. कारकुनाचे नाव यादीत घालायचे दोघांनाही सुचले नाही. तो माझ्या मित्राकडे गेला. महिन्याभरात माझे निम्मे पक्षकार तिकडे दिसू लागले. टेलिफोन माझ्याकडे होता, पण लोकांना नंबर माहीत नव्हता. त्यांना तो कारकून माहीत होता.

वर्षभराने तो एका संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, साहेबांनी टपरीवर बोलावलंय. मी गेलो. मित्र आधीच बसलेला. त्याला सांगितले होते, मी बोलावलंय. कारकून बाहेर सायकलजवळ उभा राहून कुणाशी तरी तारखेबद्दल बोलत होता, जसे काही त्याचा याच्याशी संबंध नाही. आम्ही दोघांनी दोन-दोन चहा घेतले. मग पैसे कुणी द्यायचे यावरून थोडा वेळ गेला.